बायकोच्या मागावर खाडीपार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कुणी खिदळलं की माझी लय जाते. माणसानं मूर्खपणा करावा, त्याला माझी ना नाही. पण तो निदान आपल्या गावात करावा की नाही? मी तो खाडी ओलांडून, परक्याच्या घरात, पंधरा-सोळा बायकांच्या देखत केला. तोही अंगावर अर्धा मण चिखल घेऊन!

गोष्ट साठ सालानंतरची. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा. रेवदंड्याच्या खाडीला लागून असलेल्या एका हायस्कुलात मी शास्त्र आणि शरीरशास्त्र शिकवत होतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती. बायको पेणची, नाव सुमती, मॅट्रिक पास. मी तिच्यापेक्षा शिकलेला, असं मला वाटायचं. तिला काय वाटायचं हे मी कधी विचारलं नव्हतं.

तर आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात नवे डॉक्टर आले. डॉक्टर राजाध्यक्ष. उंच, गोरे, बिनलग्नाचे. सायकलवरून जाताना एक हात खिशात! अहो, गावात आम्ही दोन्ही हातांनी सायकल धरूनसुद्धा खड्ड्यात जायचो, आणि हा माणूस एका हातानं ती चालवत म्हाताऱ्यांना नमस्कार करायचा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

मग घरात सुरू झालं, "डॉक्टर म्हणतात."

डॉक्टर म्हणतात, पाणी उकळून प्यावं. डॉक्टर म्हणतात, माश्या बसलेलं खाऊ नये. डॉक्टर म्हणतात, तांदूळ फार सडून पांढरे करू नयेत. मी म्हटलं, "अगं, हे सगळं मी सातवीच्या वर्गात दरवर्षी सांगतो!"

"हो का?" ती म्हणाली. "मला कधी नाही सांगितलंत."

मी दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांसारखा भांग पाडायला लागलो. त्यांच्या कपाळावर केसांची एक लाट यायची. माझ्या कपाळावर खोबरेल तेलाचा ओघळ यायचा. सुमतीनं तीन दिवस पाहिलं आणि चौथ्या दिवशी विचारलं, "डोकं दुखतंय का? तेल फार झालंय."

हळूहळू ती दर गुरुवारी दुपारी घराबाहेर जायला लागली. विचारलं तर म्हणे, "शिवण शिकवायला जाते." बरं, शिवण शिकवायला जाते तर जाते. पण परत येताना चेहरा असा उजळलेला, की काजं-बटणं शिकवून कुणाचा चेहरा उजळल्याचं मी तरी पाहिलेलं नाही!

एका बुधवारी माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं. सुमती विहिरीवर गेली होती. मी तिचा शिवणाचा डबा उघडला. सुई सापडली नाही. चिठ्ठी सापडली.

अक्षर डॉक्टरांचं. अहो, ओळखणार कसं नाही? त्या अक्षरातलं औषध मी स्वतः प्यालो होतो! लिहिलं होतं:

"सुमतीबाई, उद्या चारला नक्की. पलीकडेच बरं, इथे गाव बघतं. लागणारं सगळं बॅगेत ठेवलं आहे. आता लाजायचं नाही, मन घट्ट करा. मास्तरांना एवढ्यात सांगू नका. त्यांना झेपणार नाही."

मी ती चिठ्ठी सहा वेळा वाचली. पहिल्या पाच वेळा पायाखालची जमीन सरकली. सहाव्या वेळी मात्र वेगळ्याच शब्दाला ठेच लागली. झेपणार नाही? मला? मॅट्रिकच्या पन्नास पोरांना एकटा सांभाळणाऱ्या माणसाला? बायको पळवतोस ती पळव, पण वर मला लेचापेचा म्हणतोस?

त्या संध्याकाळी सुमतीनं भाकरी वाढली. मी तिच्याकडे बघत होतो. ती छान गुणगुणत होती. मला वाटलं, आता विचारावं. पण विचारलं आणि ती "हो" म्हणाली तर? म्हणून मी आणखी एक भाकरी मागितली. दोन वर्षांत मी तिला एकदाही गुणगुणताना पाहिलं नव्हतं. की ती गुणगुणायची आणि माझंच लक्ष नव्हतं? खरं सांगतो, मत्सराच्या आगीपेक्षा त्या विचारानं जास्त जाळलं.

गुरुवारी तीन वाजता मी हेडमास्तरांना सांगितलं, पोटात दुखतंय. ते खोटं नव्हतं. धक्क्यावर पोचलो तर सुमतीची होडी निघून गेलेली. पुढची होडी तासाभरानं. तो तास मी धक्क्यावर येरझाऱ्या घालत काढला. पलीकडे गेल्यावर काय बोलायचं ते ठरवलं. एक भाषण तर इतकं सुंदर जमलं, की माझं मलाच रडू आलं.

होडी पलीकडे पोचेपर्यंत ओहोटी लागली होती. पाणी मागे हटलेलं आणि काठापर्यंत नुसता काळा चिखल. होडीवाला म्हणाला, "मास्तर, वाईच थांबा, फळी टाकतो."

संतापलेला नवरा फळीसाठी थांबतो का? मी उडी मारली.

गुडघ्यापर्यंत आत! एक पाय उपसला तर दुसरा मांडीपर्यंत. तो उपसला तर वहाण आत राहिली. ती काढायला वाकलो तर हात कोपरापर्यंत. होडीवाल्यानं शांतपणे फळी टाकली, बाकीचे लोक शांतपणे त्या फळीवरून गेले, आणि शेवटी दोघांनी काखेत धरून मला मुळ्यासारखा उपटला.

"आमची... म्हणजे एक बाई गेली का इकडून?" मी श्वास घेत विचारलं.

"तुमचीच बाई व्हय? गेल्या ना. हमीदाचाचीच्या घराकडं."

"एकटीच?"

"न्हाय, बॅग होती ना संगती. डाक्टरची."

झालं! बॅग काय स्वतःच्या पायांनी चालते? जिथे बॅग तिथे डॉक्टर! मी एका वहाणेनिशी फटक-फटक करत निघालो.

हमीदाचाचीला तिकडे सगळे ओळखत. नवरा जहाजावर, वर्षातून एकदा यायचा. घर मोठं, पुढे पडवी, मागे नारळाची वाडी. बाई जबरदस्त; तिच्या पडदानशीन घरात बाहेरचा पुरुष पडवीच्या पुढे पाऊल टाकत नसे. हे मला माहीत होतं. पण पडवीत कोनाड्याखाली ती काळी चामड्याची बॅग दिसली, आणि आतून सुमतीचा आवाज आला: "लाजू नका गं, जवळ या. नीट बघा."

मी पडदा ओढला. तो दांडीसकट खाली आला. मी आत घुसलो आणि ओरडलो, "कुठे आहे तो?"

आता डोळ्यांसमोर आणा. चटईवर पंधरा-सोळा मुली आणि नव्या सुना. कोळणी, शेतकऱ्यांच्या मुली, चाचीच्या दोन भाच्या. त्यांतल्या सहा माझ्याच अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, वर्गातल्या, दुपारचे तास बुडवून आलेल्या. भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेलं एक चित्र. बाईच्या पोटातली गर्भाची पिशवी, बाजूला बाणानं नावं. चित्राशी हातात पट्टी घेऊन उभी माझी बायको. आणि दारात मी. खांद्यावर पडदा, मांडीपर्यंत चिखल.

पुरुष म्हणून त्या खोलीत मी एकटाच.

भाच्यांनी ओढण्या तोंडावर घेतल्या. हमीदाचाची उठली. "अल्ला! मास्तर? कोन तो? कुनाला शोधताव?"

"तो... म्हणजे... ते..." माझं ते सुंदर भाषण खाडीतच राहिलं होतं. "पोटात दुखतंय."

"पोटात दुखतंय म्हनून खाडी वलांडून आलात? दवाखाना तर तुमच्या दारात हाय!"

मुलींत खसखस पिकली. सुमती मात्र हसली नाही. ती माझ्याकडे एकटक बघत होती, आणि तिला सगळं कळलंय हे मला कळलं.

"मी माहिती घ्यायला आलो," मी म्हटलं. माणूस बुडायला लागला की काडी पकडतो ना, तसं. "हीच. जी इथे चाललीय ती. वर्गात शिकवायला लागेल."

तेवढ्यात चंद्रा उभी राहिली. चंद्रा माझ्या वर्गातली, पहिल्या बाकावर बसणारी मुलगी.

"खरंच शिकवाल सर?" ती म्हणाली. "पुस्तकात हा धडा हाय. तुम्ही तिथं आलात आणि पुस्तक मिटलंत. म्हनालात, हे परीक्षेला येत नाही."

ही गोष्ट मी तुमच्यापासूनही आत्तापर्यंत लपवली बघा. दरवर्षी मी तो धडा गाळायचो. मुलं माना खाली घालायची, मुली खिडकीबाहेर बघायच्या, आणि मी सरळ डोळ्यांच्या रोगांवर जायचो.

"माझी ताई एकोनिसाव्या वर्षी गेली, सर," चंद्रा म्हणाली. "तिसऱ्या बाळंतपनात. अंगात रक्तच न्हवतं. दोन पोरांत अंतर ठेवता येतं, हे तिला कुनी सांगितलंच न्हाय. आता वैशाखात माझं लगीन करायचं म्हनतायत. मी कुनाला विचारू? आईला विचारलं तर थोबाडीत बसली. म्हनून बाईंच्याकडं गेले."

चाचीनं पडदा माझ्या खांद्यावरून काढून घेतला आणि घडी घालायला लागली. मला एकदम माझ्या चिखलाची लाज वाटली. ती लाज चिखलाची नव्हती, पण तेव्हा चिखलावर ढकलणं सोपं होतं.

मग सगळं समजलं. चंद्रा सुमतीकडे रडत आली होती. सुमतीला तरी काय ठाऊक? ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, पुरुषानं सांगितलं तर मुली ऐकायच्या नाहीत, तुम्ही शिका आणि सांगा. पाळी म्हणजे काय, अंग कसं असतं, लग्न लवकर झालं तर काय बिघडतं, पाळणा कसा लांबवायचा, कोणती साधनं दवाखान्यात मिळतात. चित्रं, माहितीपत्रकं, साधनांचे नमुने, सगळं त्या बॅगेत. आधीचे गुरुवार ती दवाखान्यात शिकत होती; शिकवायचा हा पहिलाच. आमच्या गावात या कामाला एक खोली मिळेना. हमीदाचाचीनं दिली. म्हणाली, "माजी मधली पोर बी अशीच गेली. घर उगडं हाय तुमाला."

आणि मी? मी पाठलाग करत होतो!

परतीच्या होडीत आम्ही दोघं शेजारी बसलो. सुमतीनं बॅग मांडीवर घेतली. मग म्हणाली, "कुठे आहे तो, म्हणजे कोण हो?"

मी पायाचा चिखल खरवडत बसलो.

"चिठ्ठी वाचलीत ना?"

"बटण तुटलं होतं," मी म्हटलं.

"विचारायचं होतंत मला. एकदा तरी." मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "डॉक्टर म्हणाले होते, मास्तरांना झेपणार नाही. मी म्हटलं होतं, तुम्ही ओळखत नाही त्यांना, झेपेल. तरी मीच घाबरले आणि सांगितलं नाही. आज डॉक्टर जिंकले."

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या क्षणीसुद्धा मला काय झोंबलं असेल? हा माणूस इथेही जिंकला!

मला वाटलं, इथेच पडदा पडेल. कसला पडतोय! तो तर मी पाडून आलो होतो. हमीदाचाचीनं दुसऱ्या दिवशी बाजारात सांगितलं, "मास्तर कुटुंबनियोजनाची माहिती घ्यायला चिखलातनं चालत आला!" कोळणींनी ते अलीकडे आणलं. दुपारपर्यंत माझी कीर्ती मासळीबरोबर घरोघर पोचली. माझ्याकडे बघून बायका तोंडाला पदर लावायच्या आणि म्हातारे माना डोलवायचे.

हेडमास्तरांनी बोलावलं. मला वाटलं, नोकरी गेली. आत गेलो तर डॉक्टर राजाध्यक्ष बसलेले. केसांची लाट जागच्या जागी.

"मास्तर, मी तुमची माफी मागतो," ते उठून म्हणाले. "तुमच्याबद्दल माझा अंदाज चुकला. मुलींचं बाईंनी केलं. मुलांना कुणी सांगायचं, हा प्रश्न होता. मी सांगायला तयार आहे, पण तुमचा एवढा उत्साह पाहून..."

इथे मी काय म्हणायला हवं होतं? "डॉक्टर, तुम्हीच सांगा." साधी तीन शब्दांची गोष्ट. पण माझ्या डोळ्यांसमोर आलं, घरी सुमती म्हणतेय, डॉक्टरांनी मुलांना किती छान शिकवलं! आणि मी म्हटलं, "झेपेल मला. एकट्याला!"

मंगळवारी शेवटच्या तासाला अकरावीची मुलं. दार लावलं. खिडक्या लावल्या. घाम फुटला, म्हणून एक खिडकी उघडली. सुरुवात मी नारळापासून केली. नर फूल, मादी फूल. मग सुपारी. मग पपई. पपईवर मी वीस मिनिटं बोललो. फार रंगलो. शेवटी मागच्या बाकावरचा गजा उठला.

"सर, ही सगळी बागाईत झाली. मानसांचं कधी येनार?"

घंटा झाली. उभ्या आयुष्यात घंटेचा एवढा आनंद मला झाला नव्हता!

सुमतीनं संध्याकाळी विचारलं, "कसं झालं?"

"पपईपर्यंत आलोय," मी म्हटलं.

ती हसायला लागली. गुरुवारपासून रुसलेली माझी बायको भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग चहाचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "बसा. मला डॉक्टरांनी शिकवलं तसं शिकवते." आणि तिनं शिकवलं. चित्र काढून, नावं सांगून, नजर न चुकवता. मी चार वर्षं ज्या विषयाचा मास्तर होतो, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

तिनंच युक्ती सांगितली. वर्गात एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवायचं, मुलांनी नाव न घालता प्रश्न लिहून टाकायचे. पहिल्या आठवड्यात त्यात दोन बोरं आणि एक मेलेला खेकडा निघाला. दुसऱ्या आठवड्यात एक चिठ्ठी निघाली. "माझ्या वहिनीला दर वर्षी मूल होतं. तिला उठवत पण नाही. दादाला कोण सांगणार? मी सांगितलं तर मारेल."

मी ती वर्गात वाचून दाखवली. कुणी हसलं नाही. गजा बाकाकडे बघत होता. मी घरी येऊन सुमतीला विचारलं, काय उत्तर देऊ? ती म्हणाली, "सांगा, ही एकट्या वहिनीची गोष्ट नाही, दादाचीही आहे. दोघांनी मिळून दवाखान्यात यावं. दादाला तुम्ही सांगा. मास्तरला कोण मारतंय?"

मी गेलो. चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण गजाचं ते बाकाकडे बघणं पुरेसं होतं. गजाचा दादा जाळं विणत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, जाळं बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "मास्तर, हे मला लग्नाआधी सांगनारा कुनी भेटला आसता तर?" दुसऱ्याच सोमवारी तो बायकोला घेऊन दवाखान्यात गेला. चंद्राच्या बापाकडे तर आम्ही फौजच नेली. सुमती, हमीदाचाची आणि मी. मी एक शब्द बोललो नाही, चाचीनं बोलूच दिलं नाही. लग्न परीक्षेनंतर, मग आणखी पुढे, असं ढकलत ढकलत चंद्रा नर्सिंगला गेली. डॉक्टरांची दोन वर्षांनी बदली झाली. जाताना त्यांनी ती काळी बॅग सुमतीला देऊन टाकली. मला हात मिळवला. लाट तेव्हाही जागच्या जागी होती.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर गेले, तुमचा मत्सर गेला. तसं नाही हो! तो घर बदलून राहायला आला. माझ्याच घरात. आमच्या ओट्यावर रोज कुणी ना कुणी यायचं आणि विचारायचं, "बाई हायेत का?" पूर्वी "मास्तरांची बाई" असं म्हणायचे. मग मला "बाईंचे मास्तर" म्हणायला लागले.

एके दिवशी गजा आला. आता बाप्या झालेला, मिशा वगैरे. महिन्यापूर्वीच लग्न झालेलं, बरोबर बायको. मला आनंद झाला. म्हटलं, आलाच ना शेवटी माझा विद्यार्थी माझ्याकडे सल्ल्याला!

"बस गजा. बोल, काय विचारायचंय?"

गजानं बायकोकडे बघितलं, बायकोनं गजाकडे. "सर, राग मानू नका," तो म्हणाला. "बाई हायेत ना घरात? मग तुम्ही वाईच भायेर बसाल का?"

माझ्याच घरातून, माझ्याच विद्यार्थ्यानं मला बाहेर बसवलं! दार लागलं. आतून सुमतीचा आवाज येत होता, शांत, स्पष्ट. मधेच गजा काहीतरी विचारायचा, मधेच त्याची बायको चक्क हसायची. अहो, माझ्या तासाला तर कुणी जांभई द्यायलाही मोकळं होत नसे! मला राहवेना. मी हळूच सरकलो आणि दाराला कान लावला.

आतलं बोलणं थांबलं.

"अहो," सुमतीचा आवाज आला, "कान दुखेल. ऐकायचंच असेल तर वही घेऊन आत या."

आता यात मान गेला की राहिला, ते तुम्ही ठरवा. मी गेलो. वही घेऊन. आणि लाज कशाला वाटायला हवी, चांगली चार पानं भरली!